दर आणि धार

मासळीबाजारात शिरलेला मराठी माणूस पाहण्यासारखा असतो. एरवी बँकेच्या कागदावर न वाचता सही ठोकणारा हा गृहस्थ इथे आला की न्यायाधीश होतो. बांगड्याचा कल्ला वर करून आतला लाल रंग तपासतो, सुरमईच्या पोटात अंगठा दाबून खळी राहते की भरून येते ते बघतो, पापलेटच्या डोळ्यांत डोळे घालतो, ‘कालचा नाही ना?’ असं दोनदा विचारतो आणि मावशीने सांगितलेल्या भावातून वीस रुपये उतरवण्यासाठी पंधरा मिनिटं उभा राहतो. मावशीही कसलेली असते. ते वीस रुपये तिने आधीच चढवून सांगितलेले असतात. एवढ्या कसोट्यांतून पार पडलेला मासा घरी येतो आणि ज्या सुरीच्या हवाली होतो, तिची मात्र आजवर कुणी कसलीच परीक्षा घेतलेली नसते. ती डिनर सेटबरोबर फुकट आलेली असते, नाहीतर वास्तुशांतीच्या आहेरात. पिकला टोमॅटो तिच्याखाली आधी दबतो, मग फुटतो. कापला मात्र जात नाही. अशा सुरीने रावसाचा लगदा झाला की घरात ठराव होतो, की आता खास मासे साफ करण्याची ती लांब, लवलवती फिलेट नाइफच घ्यायची. शोध सुरू होतो आणि सहाशे रुपयांपासून सहा हजारांपर्यंत सुऱ्या समोर ओळीने उभ्या राहतात. यातली पैसा वसूल कोणती, हा प्रश्न तिथून पुढे. माझं म्हणणं असं की दराच्या पाटीकडे कितीही वेळ बघितलं तरी या प्रश्नाचं उत्तर मिळणार नाही. सुरीचे पैसे वसूल होतात ते तीन गोष्टींवर: तुम्ही कोणता मासा खाता, महिन्यातून कितीदा खाता आणि सुरीला धार कोण लावतं. यातली तिसरी गोष्ट सगळ्यांत मोठी, आणि नेमकी तिचीच चौकशी कुणी करत नाही.

आधी ही सुरी जन्माला का आली ते बघू. फिलेट म्हणजे काट्यावरून अलगद उतरवलेली माशाची सबंध बाजू. त्यासाठीचं पातं सहा ते नऊ इंच लांब, निमुळतं, टोकाला अणकुचीदार आणि पाठीला जेमतेम दीड-दोन मिलिमीटर जाड असतं. त्याचा मोठा गुण म्हणजे ते लवतं. कल्ल्यामागे तिरका छेद द्यायचा, पातं मधल्या काट्याला भिडलं की आडवं करायचं आणि शेपटीच्या दिशेने सरकवत न्यायचं. पातं फासळ्यांच्या उतारावर झोपतं आणि कंगव्याच्या दातांवरून नख फिरवावं तसा टर्रर्र आवाज येतो. हा आवाज येत असेल तर सुरी वाटेवर आहे. आवाज बंद पडला की समजावं, पातं वर चढलं आणि मांस काट्यालाच राहायला लागलं. नंतर बोटांना मीठ लावून शेपटीकडचं कातडं घट्ट धरायचं, सुरी एका जागी ठेवायची आणि कातडंच मागे ओढायचं. थंड समुद्रांतल्या कॉडसाठी आणि तिकडच्या नद्या-तळ्यांतल्या सामन-ट्राउटसाठी ही कला वाढली. बर्चच्या मुठीची आणि चामड्याच्या म्यानातली जी फिनलंडची सुरी जगभर गेली, ती रापाला कंपनीने १९६७ साली बाजारात आणली. ती तयार होत होती रोवानिएमी गावातल्या मार्टीनीच्या कारखान्यात. त्या देशांत मासा म्हणजे ताटातला बिनकाट्याचा चौकोन. तिथे घासात काटा निघाला तर हॉटेलवाल्याला टेबलाशी बोलावतात. आपल्याकडे ताटात काटा निघालाच नाही, तर मासा नक्की कुठला होता अशी शंका घेतात.

इथेच पहिली अडचण उभी राहते. आपला मासा या सुरीची वाट बघत बसलेला नाही. सुरमईच्या आडव्या तुकड्या होतात. मधला काटा प्रत्येक तुकडीत नाण्यासारखा गोल बसलेला असतो आणि तो छेदायला वजन लागतं, म्हणजे कोयता लागतो. तिथे फिलेट नाइफ चालवली तर तिची धार पहिल्या दोन तुकड्यांतच दुमडते. बांगडा सबंध राहतो. त्याला दोन्ही अंगांनी चिरा द्यायच्या आणि गोव्यात असाल तर त्यात रेशाद मसाला भरायचा. मांदेलीचं डोकं चिमटीने मोडतात, तिला सुरी दाखवणं हाच अपमान. करलीच्या अंगात इतके बारीक काटे असतात की तिचं फिलेट काढणं म्हणजे पिंजलेल्या कापसातून सुया वेचणं. पापलेटचं फिलेट उत्तम निघतं, मधल्या काट्याच्या दोन्ही अंगांना सरळ पातं जातं. पण २०२३ साली राज्यमासा झालेल्या या सत्पुरुषाला आपण एकतर सबंध तळतो, नाहीतर तुकड्या करतो. तिसऱ्या आणि खेकड्यांचा तर प्रश्नच नाही. मग खास आपलं म्हणावं असं फिलेट आहे तरी कुठलं? बोंबलाचं. बोंबलाच्या अंगात ऐंशी टक्क्यांहून जास्त पाणी असतं. त्याचं डोकं-शेपूट आणि पर काढायचे, पोटाकडून चिरून पुस्तकासारखा उघडायचा, मधला काटा उचलायचा आणि फडक्यात गुंडाळून वर पाटा ठेवून दाबायचा. पाणी निथळलं की रवा लावून तव्यावर. तंत्राने बघाल तर हे शुद्ध फिलेटच झालं. फक्त ते करणाऱ्या बायकांनी त्याला कधी फ्रेंच नाव दिलं नाही आणि त्यासाठी विळीपलीकडे काही मागितलं नाही.

विळीवाल्यांची बाजू इथे नीट ऐकून घ्यायला हवी, कारण ती भावनेची नसून यंत्रशास्त्राची आहे. सुरीच्या कामात मासा थांबतो आणि पातं चालतं. म्हणजे एक हात सुरीला गेला आणि बुळबुळीत मासा एकट्या दुसऱ्या हाताच्या भरवशावर राहिला. विळीत पातं जागेवर असतं आणि मासा चालतो. दोन्ही हात माशाला मोकळे, पाट पायाखाली दाबलेला, आणि धार कुठे आहे हे न बघता कळतं, कारण ती कुठे जातच नाही. गोव्यातली आदोळी काय किंवा बंगाल्यांची बोंटी काय, मासे खाणाऱ्या मुलखांनी वेगवेगळ्या किनाऱ्यांवर हेच अवजार निवडलं, ही काही अडाणीपणाची खूण नाही. मग विळी माळ्यावर कशी गेली? ओट्यामुळे. फ्लॅटमध्ये स्वयंपाक जमिनीवरून उठून कमरेइतका उंच झाला. ओट्यावर विळीला बसता येत नाही आणि जमिनीवर बाईला. सुरी घरात आली ती माशामुळे आली नाही, गुडघ्यांमुळे आली. हे एकदा मान्य केलं की अपेक्षा जागेवर येतात. आपल्याला समुद्र जिंकणारं हत्यार नको आहे. उभ्याने, ओट्यावर, न घसरता काम करणारी वस्तू हवी आहे.

यावर एक रोकडा आक्षेप येतो, की हे सगळं मावशी करून देत असताना सुरी घ्यायचीच कशाला? आक्षेप बिनतोड आहे आणि निम्म्या वाचकांनी इथेच थांबायला हरकत नाही. मावशीच्या हातात लोहाराने घडवलेला बिनानावाचा कोयता असतो, समोर लाकडाचा ठोकळा असतो, आणि दोन किलोंची सुरमई तिच्या हाताखालून तुकड्या होऊन पिशवीत पडेपर्यंत आपण सुटे पैसे मोजत असतो. पित्ताची पिशवी फुटू न देता पोट साफ करण्याची तिची सफाई कुठल्याही सुरीबरोबर मिळत नाही. आपण केलं की पित्त फुटतं आणि कालवण कडू होतं. पण सगळ्यांच्या गल्लीत मावशी नसते. नागपुरात-नाशकात बर्फातून आलेला मासा कधीकधी सबंधच घ्यावा लागतो. न्यू जर्सीतल्या मराठी घरी तो परदेशी दुकानातून डोक्याशेपटीसह येतो. घरात काट्याला घाबरणारं नातवंड असतं, किंवा दात गेलेले आजोबा. कुणाला नदीवर गळ टाकून बसायचा नाद असतो आणि क्वचित गळाला काही लागतंही. व्हिएतनामहून गोठून आलेला बासा ज्यांना फिलेट म्हणून पुरतो त्यांना सुरीची गरजच नाही, दाढांचीही फारशी नाही. उरलेल्यांसाठी हा लेख पुढे चालू.

आता जाहिरातवाल्यांचा आवडता हिशेब घेऊ, की चांगली सुरी मांस वाचवते म्हणून ती स्वस्तच पडते. हिशेब करून बघायला काय जातं? समजा, आठशे रुपये किलोचा दोन किलोंचा रावस घेतला, म्हणजे सोळाशे रुपये झाले. डोकं, काटे, पोट, कातडं वजा जाता निम्म्याहून कमी मांस हाती येतं. नऊशे ग्रॅम धरा. म्हणजे निव्वळ मांस पावणेअठराशे रुपये किलोच्या आसपास पडलं. बोथट सुरीने शंभर ग्रॅम सांगाड्याला राहिलं तर पावणेदोनशे रुपये काट्यांबरोबर गेले. असे चार रावस झाले की सहाशेची सुरी फुकट, आणि पस्तीस झाले की सहा हजारांचीही. हिशेब सरळ दिसतो, पण त्यात दोन भोकं आहेत. पहिलं आपल्या स्वयंपाकघरातलं. तिकडे सांगाडा कचऱ्यात जातो, इकडे तो डोक्यासकट कालवणात जातो आणि त्याला चिकटलेलं शंभर ग्रॅम मांस ज्याच्या वाटीत येतं तो स्वतःला भाग्यवान समजतो. म्हणजे नुकसान झालंच नाही, फक्त तव्यावरून वाटीत वर्ग झालं. दुसरं भोक जास्त खोल आहे. शंभर ग्रॅम मांस वाचवलं कुणी? तीक्ष्ण पात्याने. ते पातं सहाशेचं होतं की सहा हजारांचं, हा आकडा या गणितात कुठेच येत नाही. गणितात येते ती धार, आणि दुकानदार बिल फाडतो सुरीचं.

‘पण भारी सुरीची धार भारी असते,’ असं इथे कुणीतरी म्हणणार. यात तथ्य आहे, म्हणून पोलादाकडे वळू. सुऱ्यांचा कठीणपणा रॉकवेलच्या मापाने मोजतात. युरोपातल्या कसायांच्या आणि कोळ्यांच्या कामाच्या सुऱ्या साधारण ५५ ते ५८ च्या घरात असतात. जपानी सुऱ्या ६० च्या वर जातात. कठीण पोलाद धार जास्त दिवस धरतं, पण ते ठिसूळ असतं; काट्यावर आपटलं तर कपची उडते. मऊ पोलाद लवकर बोथटतं, पण लवतं, आणि दगडावर चार हात दिले की पुन्हा कामाला लागतं. फिलेट नाइफला लवायचं असतं आणि काट्यांतून वाट काढायची असते, म्हणून ती मुद्दामच मध्यम कठीण ठेवतात. म्हणजे या एका प्रकारात तरी ‘जास्त कठीण, जास्त महाग, म्हणून जास्त चांगली’ हे तर्कशास्त्र चालत नाही. तीच गोष्ट गंजाची. शेफील्डच्या हॅरी ब्रिअर्लीने १९१३ साली क्रोमियम घातलेलं न गंजणारं पोलाद केलं, तेव्हा त्याच्या सुरुवातीच्या सुऱ्या इतक्या बोथट निघाल्या, की न कापणाऱ्या सुऱ्यांचा शोध लावणारा म्हणून तिथल्या कारागिरांनी त्याची थट्टा केली. शंभर वर्षांत ही तक्रार पुष्कळ मिटली. खारं पाणी, लिंबू, कोकम आणि ओट्यावरचा ओलावा यांच्यात राहायचं, तर स्टेनलेस हेच शहाणपणाचं. साध्या लोखंडी पात्याची धार गोड लागते खरी, पण ते रोज पुसून तेलाचं बोट फिरवायला जो माणूस लागतो, तो घरात असता तर जुनी सुरी बोथट झालीच नसती.

आता पुरावा अशा लोकांचा, ज्यांचं पोटच यावर आहे. युरोप-अमेरिकेतल्या बंदरांवर आणि मासळीच्या कारखान्यांत दिवसभर मासे सोलणाऱ्या कामगारांच्या हातात बघा. बहुतेकांकडे प्लॅस्टिकच्या मुठीची, दिसायला अगदी दरिद्री अशी साधी सुरी सापडते. लाकडी मूठ रक्त आणि वास पिते, प्लॅस्टिक धुतलं की स्वच्छ. कारण इतकं साधं. पण त्या कामगारांच्या हाताशी पोलादी सळई असते आणि थोड्या थोड्या वेळाने सुरी तिच्यावरून दोन्ही बाजूंनी सर्रकन फिरते. घासून घासून पातं अरुंद होत जातं, अखेर दाभणासारखं उरतं, मग नवी सुरी येते. कुणी जुनीसाठी शोक करत नाही. आमच्या मावशीच्या कोयत्यालाही कंपनी नाही, हमीपत्र नाही, मखमली खोका नाही. जगात सर्वांत जास्त मासे कापणारे लोक सर्वांत महाग हत्यार वापरत नाहीत, ही गोष्ट महिन्यातून दोनदा मासा कापणाऱ्याने विचारात घ्यायला हवी.

जपानचं नाव निघाल्याशिवाय हा वाद संपत नाही, आणि निघायलाच हवं, कारण जपानी आचाऱ्याची सुरी खरोखर महाग असते. पण त्यांचा मासे कापण्याचा देबा बघितलात तर पहिला धक्का असा, की तो लवतच नाही. त्याची पाठ बहुधा पाच मिलिमीटरहून जाड, धार एकाच अंगाला, वजन हातोडीची आठवण करून देणारं. त्याच दणकट पात्याने डोकंही उडवतात आणि माशाच्या तीन भागांची ती प्रसिद्ध वाटणीही करतात, म्हणजे दोन बाजू आणि मधला सांगाडा. याचा अर्थ, उत्तम फिलेट काढायला फिलेट नाइफच लागते हा काही निसर्गाचा नियम नाही. युरोपीय माणूस ते लवणाऱ्या पात्याने काढतो, जपानी न लवणाऱ्या पात्याने, बोंबलापुरतं मराठी बाई विळीवर. तिघांत समान गोष्ट एकच, की तिघांचंही पातं धारदार असतं. जपानी आचारी काम संपलं की ओल्या दगडावर सुरी घासतो, पुसतो आणि मगच घरी जातो. आपण त्याची सुरी विकत आणतो. त्याची संध्याकाळ आणत नाही. सोन्याची सुरी झाली म्हणून ती कुणी उरात खुपसून घेत नाही, अशी आपल्याकडे म्हण आहे. तिला शेपूट जोडायचं तर, सोन्याची सुरी बोथट असेल तर ती उरातही जात नाही.

पुढचा आक्षेप काटकसरी घरांतला: महाग एकदाच रडवतं, स्वस्त जन्मभर रडवतं. पितळेच्या पातेल्याला हे लागू आहे, सागवानी कपाटाला आहे, सुरीला बेतानेच. ती दर वेळी धार लावताना थोडी थोडी संपत असते. शिवाय मराठी घरात ती किती दिवस कामाला येते तेही मोजा. सोमवार शंकराचा, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा, मंगळवार कुणाचा तरी असतोच. उरले बुधवार, शुक्रवार आणि रविवार. त्यातून चतुर्थी आणि एकादशी वजा करा. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै मासेमारीला बंदी, ती संपते न संपते तोच श्रावण, मग गणपती, मग पितृपक्ष, मग नवरात्र. उरलेल्या दिवसांत मासा येतो खरा, पण त्यातले बहुतेक दिवस बांगडे, मांदेली आणि तुकड्यांचे. खऱ्या अर्थाने फिलेट काढण्याचे दिवस वर्षाला दहा निघाले तर घर हौशी म्हणायचं. दहा वर्षांत शंभर वेळा. सहाशेच्या सुरीला दर खेपेस सहा रुपये पडले, सहा हजारांच्या सुरीला साठ. हे चौपन्न रुपये जास्त देऊन आपण जे घेतो ते बहुतांशी पात्यावरचं नक्षीकाम आणि पाहुण्यांना सांगण्यासारखी एक गोष्ट. तेवढी हौस असेल तर जरूर करावी. फक्त तिला काटकसर म्हणू नये.

शेवटचा आक्षेप सगळ्यांत प्रेमळ आहे आणि सगळ्यांत घातक: ‘घरात लहान मुलं आहेत, फार धार नको.’ बोथट सुरीला जोर लावावा लागतो, जोर लावलेली सुरी खवल्यांवरून घसरते आणि घसरलेली सुरी जाते ती मासा धरलेल्या बोटांकडेच. तीक्ष्ण सुरी सांगाल तिथे जाते. तिला ढकलावं लागत नाही. मुलांपासून लपवायची असेल तर तिला म्यान द्या, उंच जागा द्या; बोथट ठेवून तिच्यावर संस्कार होत नाहीत. खवले काढायचे तर ते शेपटीकडून डोक्याकडे, आणि पात्याच्या पाठीने. धारेने खरवडलं तर पहिल्याच माशात धार गेली. राहिला प्रश्न धार लावण्याचा. एके काळी तलवारी परजून ठेवणारे शिकलगार होते. आज सायकल स्टँडवर चढवून, पायडल मारून दगडाचं चाक फिरवणारा धारवाला कधीमधी गल्लीत आरोळी देतो. विळीला आणि कात्रीला तो उत्तम. पण फिलेट नाइफचं पातं फार पातळ. कोरड्या चाकावर ठिणग्या उडेपर्यंत धरलं तर ते तापतं आणि पोलादाचं पाणी उतरतं. त्याला ओला दगड हवा. एका अंगाला साधारण एक हजार क्रमांकाचा आणि दुसऱ्या अंगाला तीन हजारांचा असा दुहेरी निसणा मिळतो. दगड भिजवायचा, पातं पंधरा-वीस अंशांनी तिरकं धरायचं, म्हणजे पाठीखाली दोन-तीन नाणी मावतील एवढंच उचलायचं, आणि दोन्ही बाजू सारख्या ओढायच्या. दहा मिनिटांचं काम. बातम्या ऐकता ऐकता होतं आणि बातम्यांपेक्षा जास्त हाती लागतं.

तेव्हा निकाल असा. बांगडा, पापलेट, बोंबील यांच्यासाठी सहा इंचांचं पातं पुरे. रावसासारखा मोठा मासा घरी सबंध येत असेल तरच आठ इंचांचं घ्या. स्टेनलेस, मध्यम लवणारं, प्लॅस्टिकच्या खरबरीत मुठीचं, बोट पात्यावर सरकू नये म्हणून मुठीला पुढे आड असलेलं. दुकानात टोक लाकडावर अलगद दाबून बघा. पातं कमानीसारखं वाकून हात काढताच सरळ झालं पाहिजे. मग दुकानदाराकडे थोडं पाणी मागा, प्यायला नव्हे, हात ओला करायला, आणि ओल्या हाताने मूठ धरा. तो संशयाने बघेल. बघू दे. कोरड्या हातात प्रत्येक सुरी चांगली वाटते, पण मासा कोरड्या हातांनी साफ होत नाही. दोन हजारांचं बजेट असेल तर हजाराच्या आत सुरी आणि उरलेल्यात निसणा घ्या. सगळे पैसे सुरीवर घातले तर सहा महिन्यांनी तुमच्याकडे दोन हजारांची बोथट सुरी असेल, आणि बोथट सुरी तर घरात आधीच होती.

आणि हे सगळं करण्याआधी, खर्च न येणारा एक प्रयोग करा. चहाचा चिनी मातीचा कप उपडा घाला. बुडाला जी चकाकी नसलेली खरखरीत कड असते, तिच्यावर ती आहेरातली सुरी तिरकी धरून दोन्ही बाजूंनी वीस-वीस वेळा ओढा. मग धुऊन, पुसून पिकल्या टोमॅटोवर ठेवा आणि दाबू नका, फक्त ओढा. टोमॅटो फुटला तर उद्या खुशाल सुरी घ्यायला निघा. कापला गेला, तर तुमचे सहाशे ते सहा हजार रुपये आत्ताच वाचले आहेत. त्यातले वीस येत्या रविवारी मावशीला घासाघीस न करता द्या, आणि काटा तिलाच काढायला सांगा.